केंद्रकाचा अर्क, दोन पट्ट्या आणि सातवा एक्झॉन

प्रश्न : हेला पेशींपासून (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) केंद्रकाचा अर्क काढते. वेस्टर्नमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) पेशीद्रवातले ट्यूब्युलिन त्यातही दिसते आणि डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो ते हिस्टोन एच-३ जवळजवळ दिसतच नाही. चुकते कुठे?

ट्यूब्युलिन दिसणे ही चूक. एच-३ न दिसणे ही चूक नव्हेच.

१९८३ पासून चालत आलेल्या डिग्नम पद्धतीत पेशींच्या गोळ्याच्या पाचपट बफर घालून (हेपेस १०, पोटॅशियम क्लोराइड १०, मॅग्नेशियम क्लोराइड १.५, डीटीटी ०.५ मिलिमोलर, सामू ७.९) पेशी बर्फावर १० मिनिटे फुगू देतात. मग त्या खाली बसवून दुप्पट बफरमध्ये डाउन्समध्ये (पेशी फोडायची काचेची नळी), घट्ट दांड्याने, साधारण १० वेळा दाबतात. इथे घाई नको. एक थेंब, फुटलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दहातली नऊ केंद्रके निळी दिसायला हवीत. पांढऱ्या राहिलेल्या पेशी अखंड आहेत, तुमचे ट्यूब्युलिन त्यांच्यातूनच येते; नाहीतर केंद्रके धुण्याची पायरी गाळलेली असते. उलट जास्त दाबले तर केंद्रके फुटून डीएनए बाहेर येतो आणि सगळे चिकट, शेंबडासारखे होते. तो नमुना सरळ टाकून द्यावा.

पुढच्या बफरमध्ये सोडियम क्लोराइड ४२० मिलिमोलर आणि ग्लिसरॉल २५ टक्के असते; ४ अंशांवर अर्धा तास हळू ढवळायचे. एवढ्या मिठाने बहुतेक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जनुके चालू-बंद करणारी प्रथिने) सुटतात, पण न्यूक्लिओसोममधले (डीएनए गुंडाळलेल्या हिस्टोनच्या गाठीतले) एच-३ सुटत नाही. त्याला जवळपास २ मोलर मीठ लागते. ते तळाच्या गोळ्यात राहते. केंद्रकाच्या आवरणाला आधार देणारे लॅमिनही बव्हंशी तिथेच, म्हणून या अर्काची खूण म्हणून एचडीएसी-१ किंवा टीबीपी ही केंद्रकातली प्रथिने वापरा आणि गोळाही वेगळ्या रांगेत चालवा. पीएमएसएफ (प्रथिने तुटू न देणारे रसायन) पाण्यात फार टिकत नाही, ते बफरमध्ये आयत्या वेळीच घाला.

प्रश्न : आरएनए पॉलिमरेज-२ ची (जनुकावरून एमआरएनए बनवणाऱ्या एन्झाइमची) अँटिबॉडी लावली की २०० किलोडाल्टनच्या वर दोन पट्ट्या येतात. प्रथिन तुटते आहे का?

नाही. तुटले असते तर पट्टी खाली दिसली असती. आरपीबी-१ या सर्वांत मोठ्या उपघटकाच्या शेपटीत सात अमिनो आम्लांचा तुकडा माणसात ५२ वेळा येतो (यीस्टमध्ये २६). टीएफआयआयएच या प्रथिनसमूहातले सीडीके-७ हे एन्झाइम त्यातल्या पाचव्या जागेच्या सेरिनवर फॉस्फेट लावते, तेव्हा पॉलिमरेज प्रमोटरवरून (जनुकाच्या सुरुवातीच्या जागेवरून) सुटते आणि आरएनएच्या टोकाला टोपी चढवणारी एन्झाइमे त्या शेपटीला येऊन चिकटतात. पुढे सीडीके-९ दुसऱ्या सेरिनवर फॉस्फेट लावते. जनुकाच्या शेवटाकडे आरएनए कापणारी प्रथिने ही खूण ओळखतात. फॉस्फेटने लादलेले रूप जेलवर हळू सरकते. तीच तुमची वरची पट्टी.

नमुन्याचा अर्धा भाग फॉस्फेटेजने हाताळून बघा, वरची पट्टी खालच्या पट्टीत येऊन मिळेल. ८डब्ल्यूजी१६ ही लोकप्रिय अँटिबॉडी मुख्यतः फॉस्फेट नसलेली शेपटी ओळखते. तिच्या जोरावर ‘एकूण पॉलिमरेज कमी झाले’ असे लिहिणारे बरेच जण फसतात. एकूण प्रमाण हवे असेल तर एन टोकाची (शेपटीच्या विरुद्ध टोकाची) अँटिबॉडी घ्या. जेल ६ टक्क्यांचे ठेवा, ट्रान्सफर ओला आणि रात्रभर थंडीत.

प्रश्न : टीडीपी-४३ हे केंद्रकातले प्रथिन पेशीद्रवाच्या अर्कात मिळाले. एएलएस या चेतापेशींच्या आजारातल्यासारखे केंद्रक सोडून बाहेर आले, असे म्हणता येईल?

एवढ्यावरून नाही. टीडीपी-४३ आरएनएला धरून केंद्रकात टिकते. डिटर्जंटने पेशी फोडल्या की त्यातले काही आपसूक गळते. जिवंतपणी ते कुठे होते हे बघायचे तर पेशी आधी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पक्क्या करून इम्युनोफ्लुओरेसन्स (चमकणाऱ्या अँटिबॉडीने रंगवणे) करा. शिवाय कामाचा पुरावा मागा : टीडीपी-४३ केंद्रकातून हटले की एसटीएमएन-२ या जनुकाच्या आरएनएमध्ये एरवी न येणारा एक्झॉन (जोडणीनंतर आरएनएमध्ये राहणारा जनुकाचा तुकडा) शिरतो. आरटी-पीसीआरने तो पकडता येतो, मात्र माणसाच्या पेशींतच. उंदराच्या जनुकात तो तसा नाही, तेव्हा तिथे शोधण्यात दिवस घालवू नका.

प्रश्न : नवा आरएनए बनणे थांबवून एमआरएनएचे अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा वेळ) काढायला अ‍ॅक्टिनोमायसिन-डी की अल्फा-अमानिटिन?

अ‍ॅक्टिनोमायसिन, मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम. अमानिटिन पेशीत शिरायलाच तास घेते, तोवर अल्पायुषी आरएनए संपलेले असतात. पण मात्रा नीट मोजा : शंभरपट कमी, म्हणजे ५० नॅनोग्रॅम घातले तर मुख्यतः रायबोसोमचा आरएनए बनवणारे पॉलिमरेज-१ थांबते, एमआरएनए बनतच राहतो, आणि तुमचा एमआरएनए ‘फार स्थिर’ आहे असा खोटा निष्कर्ष हाती येतो.

प्रश्न : आमच्या बाळाला एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, चेतापेशी मरून स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) आहे. अहवालात ‘एसएमएन-२ च्या तीन प्रती’ लिहिले आहे. औषध ‘स्प्लायसिंग’ बदलते म्हणतात. म्हणजे जनुकच बदलते का?

जनुक तसेच राहते, बदलते ती आरएनएची जोडणी. बाळाचे एसएमएन-१ हे जनुक काम करत नाही. एसएमएन-२ जवळपास तसेच आहे, पण त्याच्या सातव्या एक्झॉनमधल्या सहाव्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ आहे. त्याने अमिनो आम्ल बदलत नाही. मात्र एक्झॉन राखायला मदत करणाऱ्या प्रथिनाची पकड सुटते आणि एचएनआरएनपी-ए१ सारखी, एक्झॉन वगळायला लावणारी प्रथिने वरचढ ठरतात. पूर्ण प्रथिन जेमतेम दहा टक्के बनते.

अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हा १८ जनुकीय अक्षरांचा कृत्रिम तुकडा आहे. तो शेजारच्या इंट्रॉनवर (आरएनएमधून कापून टाकला जाणारा तुकडा) चिकटून, एक्झॉन वगळायला लावणाऱ्या प्रथिनांची बसायची जागा अडवतो. रक्तातून तो मेंदूत पोहोचत नाही, म्हणून पाठीच्या कण्यातून देतात : मूळ वेळापत्रकात १२ मिलिग्रॅम, ०, १४, २८ आणि ६३ व्या दिवशी, मग दर चार महिन्यांनी. रिस्डिप्लाम तोंडाने रोज घ्यायचे औषध आहे. तेही याच एक्झॉनवर काम करते. जनुक-उपचार निराळा, त्यात एसएमएन-१ ची चांगली प्रत विषाणूच्या कवचातून देतात.

जितक्या प्रती जास्त तितका आजार सहसा सौम्य, पण तीन प्रती म्हणजे थांबून बघायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका. मेलेल्या चेतापेशी कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. बालचेतातज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या.