दुखत नाही, तीच तर भानगड

प्रश्न : डॉक्टर, माझे बाबा 61 वर्षांचे आहेत, शुगर बरीच वर्षं आहे. ते शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, दरवर्षी व्रत पाळतात आणि जत्रेत अग्निदिव्य करतात, म्हणजे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात. जत्रा पंधरा दिवसांवर आलीय आणि परवा सहज पाय बघितले तर उजव्या अंगठ्याच्या खाली जाड घट्टा, मध्ये काळा ठिपका. विचारलं तर म्हणतात, दुखत नाही गो, कशाला टेन्शन घेतेस. आई म्हणते देवीच्या कामात आडवी येऊ नको. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : बाबा 'दुखत नाही' म्हणतात ना, मला काळजी त्याचीच वाटते. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात, मग खडा टोचला, चप्पल चावली, चटका बसला तरी कळतच नाही आणि माणूस त्याच जखमेवर दिवसभर फिरत राहतो. घट्ट्यातला काळा ठिपका म्हणजे बहुतेक वेळा आत साकळलेलं रक्त, वरून घट्टा दिसतो पण खाली जखम झालेली असू शकते. मधुमेहात पाय कापावा लागलेल्या शंभरातल्या साधारण 85 जणांची सुरुवात पायावरच्या जखमेपासूनच झालेली असते. तेव्हा जत्रा होऊ दे मग बघू, असं नको, उद्याच दाखवा.

आज रात्री घरी एक टेस्ट कर. बाबांना डोळे मिटायला सांग आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांच्या टोकांना तुझं बोट एक-दोन सेकंद अलगद लाव, दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर झालाय असं धरून चालायचं. पण सगळीकडे कळलं म्हणून डॉक्टरकडे जाणं टाळू नको हां. डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथून गरज पडली तर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवतील. रक्तपुरवठा तपासून घट्टा नीट तासतील. घरी ब्लेड लावायचं नाही आणि हळद, झाडपाला काहीच भरायचं नाही. ड्रेसिंग कितीही भारीतलं केलं आणि बाबा त्याच पायावर बाजार करून आले तर जखम भरणार नाही, त्या जागेवरचा भार काढणं हीच अर्धी ट्रीटमेंट, मग त्यासाठी प्लास्टर घालतील नाहीतर खास चप्पल देतील.

आता निखाऱ्यांचं. श्रद्धेवर मी काही बोलणार नाही, माझ्याही घरी देव्हारा आहे. पण असा घट्टा असलेल्या पायाने यंदा होमकुंडातून जाऊ नये हे स्पष्ट सांगतो. आणि निखारे सोडाच, वैशाखातल्या दुपारी डांबरी रस्त्यावर किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चाललं तरी बधिर पायाला फोड येतात. व्रतात एकदाच जेवत असतील तर गोळ्या-इन्सुलिनचा डोस आधी डॉक्टरना विचारून घ्या, शुगर एकदम खाली जाऊ शकते. तुझं ते ऐकणार नाहीत बहुतेक, त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्या धोंडाला मध्ये घाल. आणि पाय लाल झाला, सुजला, घाण वास यायला लागला, ताप आला किंवा बोट काळं पडलं तर ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी कॅज्युअल्टीत न्या.

प्रश्न : माझ्या मावशीला मधुमेह आहे. एक पाऊल सुजलंय, गरम लागतं, पण दुखणं फार नाही आणि पडल्याचंही आठवत नाही. एक्स-रे नॉर्मल. मुरगळलं असेल म्हणून क्रेप बँडेज बांधून घरात कामं चालू आहेत.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : कामं आधी बंद. बधिर पायातली हाडं-सांधे आतल्या आत मोडायला लागले की असंच दिसतं, याला शार्को फूट म्हणतात, आणि सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. मुरगळ, गाऊट किंवा इन्फेक्शन समजून वेळ जातो आणि तोवर तळव्याची कमान बसते, मग तिथे वारंवार जखमा होतात. इन्फेक्शन नाही ना तेही बघावं लागेल, म्हणून हाडांच्या डॉक्टरना 'मधुमेह आहे, शार्को असू शकेल का' असं सरळ विचारा, एमआरआय लागेल कदाचित. शार्को निघालं तर प्लास्टर काही महिने राहतं, हे मावशीला आधीच सांगून ठेवा नाहीतर पंधरा दिवसांत काढून टाका म्हणतील.

प्रश्न : शुगर आहे, पायाला कुरूप झालंय, मेडिकलमधली पट्टी लावू का? आणि पावसात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्याचं काय?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : पट्टी नको, तिच्यात ॲसिड असतं, ते चांगली कातडीही जाळतं. चिखल्यांसाठी शेतातून आल्यावर पाय धुवून बेचक्या टिपून कोरड्या करा, फंगसचं मलम डॉक्टरना विचारून लावा, आणि क्रीम लावायचं तर टाचेला, बेचक्यात नाही. गमबूट घालण्याआधी उपडा करून झटका, आत हात घालून बघा, पावसात त्यात काय जाऊन बसेल सांगता येत नाही!