माळावरच्या गवताला खत कोण देतं?

प्रश्न : सर, आम्ही खानापूर तालुक्यातले. आमच्या माळाला कधीच खत घातलेलं नाही तरी पावसाळ्यात गवत दाट येतंय. पोरगा म्हणतोय मातीतली बुरशी एका झाडाचं अन्न दुसऱ्याला देते, खरं काय?

उत्तर : बरंचसं खरं आहे. गवताच्या मुळांत मायकोरायझा बुरशी असते, तिचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक, आणि तुमच्याकडच्या तांबड्या मातीत फॉस्फरस लोहाला घट्ट चिकटून बसतो ना, तिथं मूळ पोचत नाही पण हे धागे पोचतात, फॉस्फरस आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. 40 कोटी वर्षांपासून हे चाललंय! एकच बुरशी शेजारशेजारच्या झाडांना जोडते, त्यामुळं शेंगवर्गी झाडाचा थोडा नायट्रोजन गवतालाही मिळतो. पण साखरेतला कार्बन शेजाऱ्याच्या मुळापर्यंत गेला तरी बहुतेक बुरशीतच राहतो, म्हणून झाडं एकमेकांना जेवू घालतात असं सरसकट मला तरी म्हणवत नाही.

कोबी, मोहरीशी मात्र हिचं जमत नाही. आणि कळकळीची विनंती, तो माळ नांगरू नका, धागे तुटतात.