अ‍ॅप लावल्याशिवाय दात घासतच नाही

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दात घासायचं म्हटलं की रडारड, म्हणून त्याच्या मावशीने मोबाइलवर दात घासायचा गेम टाकून दिला. आता घासतो, पण मोबाइल समोर असेल तरच. नाहीतर तोंड घट्ट मिटून बसतो. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, एवढा आटापिटा कशाला? अ‍ॅप काढून टाकू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, लगेच काढू नका. रडारड थांबून मूल दोन मिनिटं बेसिनपाशी उभं राहायला लागलं, ही कमाई आहे. 2020 साली आलेल्या ‘पोकेमॉन स्माइल’मध्ये मोबाइलचा कॅमेरा चालू राहतो, आता कुठली बाजू घासायची ते पडद्यावर दिसतं आणि घासता घासता पोकेमॉन पकडायचा असतो. मुलांना ते मनापासून आवडतं.

पण ब्रश हलतोय एवढंच कॅमेऱ्याला कळतं, दात स्वच्छ निघाले का ते कळत नाही. अ‍ॅपवर रोज घासणारी मुलं माझ्याकडे येतात. पुढचे दात लख्ख, आणि गाल बाजूला केला की दाढांवर पिवळट थर. आज तुम्हीच बघा. त्याचा ओठ वर उचला आणि हिरडीच्या कडेने दातावरून नख हलकेच फिरवा. पांढरं, मऊ काहीतरी नखाला लागलं तर तेच कीड लावणारं कीटण.

म्हणून गेम संपला की ‘आता आईची पाळी’. त्याला तुमच्याकडे पाठ करून उभं करा, डोकं तुमच्या पोटाला टेकू द्या, डाव्या हाताच्या बोटाने गाल बाजूला धरा आणि ब्रश हिरडीवर तिरका ठेवून हळू फिरवा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ही बारीक हालचाल जमत नाही. तोवर शेवटचा हात मोठ्यांचाच हवा.

सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा. पुढचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या किडल्या तर ठणका लागतो, मूल एका बाजूने जेवतं, रात्र रात्र झोपत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कुणाला कळतही नाही, आणि कळली तरी दुधाची समजून दुर्लक्ष होतं. ती कायमची असते. तुमच्या मुलाची ती आता कधीही डोकावेल. ब्रश तिथपर्यंत पोचतोय का, हे तुम्हालाच बघावं लागेल.

रात्री मात्र पडदा नको. झोपेत लाळ कमी होते, दातांचं संरक्षण घटतं, म्हणून रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. पण झोपायच्या आधी मोबाइल हातात दिला की तो परत घेताना पुन्हा रडारड. ‘ब्रश डीजे’ हे ब्रिटनमधल्या बेन अंडरवूड या दंतवैद्यांचं अ‍ॅप दोन मिनिटं गाणं वाजवतं. तेच करायला अ‍ॅपही लागत नाही. त्याच्या आवडीचं गाणं लावा, मोबाइल फळीवर पालथा ठेवा आणि त्याला आरशात बघू द्या. पडद्याची सवय अशीच सुटते.

पेस्ट मटारच्या दाण्याएवढीच. ट्यूबवर फ्लोराइड 1000 पीपीएम लिहिलंय का ते वाचा. घासून झालं की थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत. (यवतमाळ, चंद्रपूरकडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या वाचकांनी पेस्टबद्दल आधी आपल्या दंतवैद्यांना विचारावं.)

मोबाइलमध्ये ‘डेंटिस्ट’ नावाचे खेळही असतात, त्यांत पक्कडीने दात उपटायचे आणि ड्रिल चालवायचं. ते आजच काढून टाका. असे खेळ खेळलेली मुलं खुर्चीत बसायच्या आधीच, ‘ड्रिल लावणार का?’ म्हणून रडायला लागतात. आणि गेममध्ये गुण मिळाले म्हणून चॉकलेट देऊ नका. स्टिकर द्या, नाहीतर झोपताना एक गोष्ट जास्त सांगा.

आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन मागच्या दाढा बघा. नवी दाढ दिसली की दंतवैद्यांकडे न्या. तिच्या खाचा खोल असतील तर सीलंटने, म्हणजे दाताला चिकटणाऱ्या पातळ लेपाने, भरून घेता येतात. खाचेत काळी रेघ दिसली तर दुखण्याची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.