घोडबंदर रोडवर कट मारल्यावरून भांडण झालं तर लायसनवालं पिस्तूल काढता येतं का?

नुसत्या शिवीगाळीवर, बोनेटवर हात आपटला म्हणून किंवा आरसा फोडला म्हणून काढलं तर तूच आत जाशील, सरळ सांगतो. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीये पण स्वसंरक्षणाचे नियम जवळपास तेच, कलम ३४ ते ४४. त्यातलं ३८ वाच, जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरीखुरी भीती, अपहरण, बलात्कार, ॲसिड, अशा वेळीच समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. आणि ३७ म्हणतं की पोलिसांकडे जायला वेळ होता तर हक्कच नाही, शिवाय गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही.

आता माजिवड्याच्या सिग्नलला तू गाडीत, काचा वर, दरवाजे लॉक, पुढे रस्ता मोकळा आणि तो बाहेर बोंबलतोय, तर गाडी काढ आणि ११२ लाव. तेच चौघांनी गाडी अडवली, काच फोडून कोयता आत आला, मागे ट्रेलर उभा, पळायला जागाच नाही, तर गोष्ट वेगळी. पण कोयता टाकून तो पळत सुटला की तुझा हक्क तिथेच संपला, पाठीत गोळी घातलीस तर तो बचाव नाही.

लोकांना वाटतं गोळी झाडली नाही म्हणजे सेफ. तसं नाही रे, नुसतं दाखवून धमकावलं तरी कलम ३५१ लागू शकतं, वर लायसन रद्द व्हायची टांगती तलवार. आणि स्वसंरक्षण होतं हे कोर्टात तुलाच दाखवावं लागतं, त्यामुळे आधी डॅशकॅम लाव, पिस्तुलापेक्षा लय स्वस्त पडतो.