जुना अल्बम, नवं मिक्सिंग : वाचकांचे प्रश्न

सुदामानगर, इंदूर : बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमची 2009ची सीडी माझ्याकडे आहे. धाकट्याने वाढदिवसाला 2017ची आणून दिली. नवी चांगलीच दमदार वाजते. ही खरी सुधारणा, की नुसता आवाज चढवलाय? जुनी कुणाला देऊन टाकू का?

जुनी देऊ नका. दोन्ही सीडींवर झालेलं कामच वेगळं आहे. 2009चं रीमास्टर, म्हणजे 1967चं तयार स्टिरिओ मिक्स (सगळी वाद्यं-गळे जुळवून दोन स्पीकरांसाठी केलेलं) नव्याने उतरवून त्याचा टोन सुधारला. कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोण पुढे, हे जसंच्या तसं ठेवलं. 2017चं जाइल्स मार्टिन यांनी केलेलं रीमिक्स, म्हणजे सेशनच्या टेपा काढून सगळं पुन्हा जुळवलेलं. 1967मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चार ट्रॅकची (चार आवाज वेगवेगळे साठवणारी) मशिनं होती. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एखाद-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं रेकॉर्डिंग करायचं. अशा प्रत्येक उतरवणीत हिस (टेपची सरसर) वाढते आणि ड्रमची धार बोथट होते. नव्या मिक्ससाठी उतरवणीच्या आधीच्या टेपा वापरल्या, म्हणून ड्रम आणि बास एवढे मोकळे ऐकू येतात. ही सुधारणा शंभर टक्के खरी आहे.

बीटल्सनी स्वतः वेळ दिला तो मोनो, म्हणजे एकाच स्पीकरसाठीच्या, मिक्सला. स्टिरिओ मागाहून, त्यांच्याशिवाय, भराभर उरकलं गेलं. 2017च्या मिक्समध्ये मोनोचाच कल पाळलाय. घरी पेटी असेल तर लगेच ताडून बघता येईल. 'शीज लीव्हिंग होम' जुन्या स्टिरिओत पांढरी तीनच्या आसपास लागतं, मोनोत आणि 2017च्या मिक्समध्ये जवळजवळ अर्धा स्वर वर, पांढरी चारकडे. गाण्याची चालही त्याच प्रमाणात जलद होते. आमच्या मते हा अल्बम आधी मोनोत ऐकावा, मग 2017चा. 2009चं स्टिरिओ 1967चा दस्तऐवज म्हणून जपावं.

राहिला आवाज. एखाद्या डेसिबलची वाढ कानाला 'मोठी' वाटत नाही, 'चांगली' वाटते, आणि नव्या आवृत्त्या बहुधा चढ्याच असतात. म्हणून दोन्ही सीडी कॉम्प्युटरवर वेव्ह फाइलमध्ये उतरवा, एमपी3मध्ये नको. जेल रोडवर मिळणारी साधी यूएसबी ड्राइव्ह या कामाला पुरते. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्राममध्ये एकच गाणं दोन ट्रॅकवर घ्या आणि 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'ने दोन्ही वेगवेगळे उणे 23 लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा. निम्मं गाणं निवडून हे करू नका, पूर्ण गाणं घ्या. तरी रीमिक्समध्ये एक अडचण उरते. बास वाढवलेला असेल तर मोजमाप सारखं येऊनही गायकाचा आवाज मागे पडलेला वाटतो. तेव्हा एखादी ओळ दोन्हीकडे ऐकून, अर्ध्या अर्ध्या डेसिबलने, गळा सारखा होईल असं हाताने लावा. दोन रीमास्टर ताडायचे असतील तर फूबार या प्लेअर प्रोग्राममध्ये एबीएक्स चाचणीही (नाव झाकून कोणती फाइल वाजतेय ते ओळखायची) घ्या. 16पैकी निदान 12 वेळा बरोबर ओळखलंत तर फरक खरंच ऐकू येतोय असं धरायला हरकत नाही.

राजेंद्रनगर, इंदूर : एकाच अल्बमच्या एलपीचा डीआर (हळू-मोठ्या आवाजातल्या फरकाचा आकडा) 12 दिसतो आणि सीडीचा 8. म्हणजे एलपीचं मास्टरिंग चांगलं ना?

या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. एलपी कापताना आणि वाजवताना फेज (लाटांचा एकमेकींशी मेळ) सरकते, त्यामुळे आवाज चढवताना छाटलेली लाटेची शिखरंही पुन्हा वर येतात. मास्टर तंतोतंत तोच असला तरी आकडा दोन-चारने वाढतो. डीआर सीडीशी सीडी ताडायलाच वापरा. एलपीची फाइल मोठी करून लाट बघा. शिखरांचे माथे तिरके पण सपाट कापल्यासारखे दिसले तर मास्टर दाबलेलंच होतं.

रामबाग, इंदूर : ऐंशीच्या दशकातली एक जपानी सीडी प्लेअरवर गोड वाजते, पण कॉम्प्युटरवर उतरवली की झांजा कानात टोचतात. ड्राइव्ह बिघडली का?

ड्राइव्ह ठीक असावी. सुरुवातीच्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतं, म्हणजे वरच्या पट्ट्या मुद्दाम चढवून रेकॉर्ड केलेल्या असतात. 10 किलोहर्ट्झला ही चढण साधारण साडेसात डेसिबलची. डिस्कवर तशी खूण असते आणि ती वाचून प्लेअर तेवढंच खाली आणतो. फाइल उतरवताना ही खूण हरवते. सॉक्स या मोफत प्रोग्रामचा 'डीएम्फ' इफेक्ट 44.1 किलोहर्ट्झच्या फाइलवर एकदा चालवा. दोनदा चाललं तर आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होईल. काही डिस्कवर खूण डिस्कच्या सुरुवातीच्या यादीत नसून नुसत्या सबकोडमध्ये (गाण्याबरोबर चालणाऱ्या माहितीत) असते, त्यामुळे सॉफ्टवेअरने 'नाही' सांगितलं तरी कानावर भरवसा ठेवा. आणि हे दुरुस्त केल्याशिवाय त्या सीडीची नव्या रीमास्टरशी तुलना करू नका. जुनी विनाकारण हरते.

पलासिया, इंदूर : भाच्याने अमेरिकेहून टर्नटेबल आणला. 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावलाय. नव्या रीइश्यूच्या सगळ्या एलपी सुस्त, जड आवाजात वाजतात. प्रेसिंग खराब आहे का?

एलपी परत करू नका. बेल्टवर चालणाऱ्या कित्येक टर्नटेबलांची एसी मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरते. तिथे 60 हर्ट्झ, इथे 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. म्हणून 33⅓ऐवजी मिनिटाला जेमतेम 28 फेरे होतात आणि सूर तीन स्वरांहून थोडा जास्तच उतरतो (काळी-पांढरी सगळ्या पट्ट्या धरून). लेबलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून मिनिटभर फेरे मोजा. 28च्या आत-बाहेर आले तर त्या मॉडेलची 50 हर्ट्झची, म्हणजे मोटरवर बसणारी 1.2 पट व्यासाची पुली मागवा. तुमच्या टर्नटेबलात डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय थेट फिरवणारी) असेल तर मात्र कारण वेगळं. बेल्ट असेल तर आधी तो सैल झालाय का ते बघा.