'चहा-ग्रामण्य' मधलं ग्रामण्य म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: टिळक-रानड्यांच्या काळाबद्दल वाचताना 'चहा-ग्रामण्य' हा शब्द भेटला. याचं 'ग्राम्य'शी काही नातं आहे का, आणि त्यात चहा कुठून आला?

नातं एवढंच की दोन्हींच्या पोटात 'ग्राम' आहे. ग्राम्य म्हणजे गावंढळ. ग्रामण्य हा शब्द ग्रामणी, म्हणजे गावाचा म्होरक्या, याच्याशी जोडला जातो. मराठीत तो जातीतल्या तंट्यासाठी रुळला: अमक्याने आचार मोडला किंवा नसलेला धार्मिक अधिकार सांगितला, असा आरोप ठेवून त्याला वाळीत टाकण्यापर्यंत जाणारा वाद. ते ग्रामण्य, नपुंसकलिंगी. जुन्या लिखाणात ते उठतं, माजतं आणि मिटतं. पेशवाईत चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या वेदोक्ताच्या, म्हणजे वेदमंत्रांनी धर्मविधी करण्याच्या, अधिकारावरून असंच ग्रामण्य माजलं होतं.

चहाचं ग्रामण्य पुण्यातलं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी यजमानांचा मान राखायला कप नुसता हातात धरून खाली ठेवला. मग गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहर पेटलं.

आज आपण पाहुण्याला 'चहा घेणार ना?' असं दारातच विचारतो, म्हणून हे खरं वाटत नाही. पण सोवळ्याच्या हिशेबात चहा म्हणजे आधी पाणी, आणि पाणी कोणाच्या हातचं हाच तर कळीचा प्रश्न. त्यात ते ख्रिस्ती घरात उकळलेलं. लाडू-चिवडा नाकारणं सोपं होतं, 'पोट भरलंय' म्हटलं की सुटका. चहा मात्र सभ्यपणाचा भाग म्हणून समोर यायचा आणि नाही म्हणणं उद्धटपणाचं ठरायचं. या पेयाने सनातनी आणि सुधारक दोघांनाही पेचात पकडलं ते इथेच.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांचेच बोल ऐकले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत घरच्या बाजूने हे सारं आलं आहे. अवश्य वाचा, त्या काळच्या घरांवर केवढं दडपण असायचं ते तिथे कळतं.

आता वापराबद्दल, कारण माझ्या मते खरी गोम इथे आहे. ग्रामण्य आतल्या माणसावर व्हायचं. ज्याला जातीत जागा होती त्यालाच जातीबाहेर काढता यायचं, आणि प्रायश्चित्त घेतलं की तो परत आत. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कप वेगळे ठेवले जात, तेही ज्याचे त्यालाच विसळून ठेवावे लागत. चहा तोच, उकळीही तीच. पण त्या माणसाने काहीच मोडलेलं नसल्यामुळे त्याला घ्यायला प्रायश्चित्तही नव्हतं. त्याला ग्रामण्य म्हणू नये. ती अस्पृश्यता आहे आणि तिला तेच म्हणावं. हल्ली काही लेखांत दोन्हींना सरसकट 'बहिष्कार' म्हटलेलं दिसतं. त्याने रानड्यांची अडचण आणि त्या माणसाचा अपमान एकाच तागडीत बसतात, हे मला मुळीच पटत नाही.

बोलण्यातून ग्रामण्य आता गेलंच आहे. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, त्यातही शब्द आहे तो 'सामाजिक बहिष्कार'. आजच्या घटनेबद्दल लिहायचं असेल तर 'वाळीत टाकलं' हे चोख आणि सगळ्यांना कळणारं मराठी आहे. ग्रामण्य हा शब्द जुन्या वादांपुरता ठेवावा.