केबल कपाटात ठेवून पोराचं करिअर ठरत नाही

तासगाव तालुक्यातनं एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं की दोन एकर द्राक्षबाग आहे, बागेवर कर्ज आहे, मुलगा सांगलीला ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला, मागच्या वर्षी ६४ टक्के. कॉलेज सुटलं की तो मिरजेत एका वॉकीटॉकीच्या दुकानात बसतो, कारखान्यांचे आणि सिक्युरिटीवाल्यांचे डिजिटल सेट लॅपटॉपला जोडून त्यात चॅनेल भरून देतो, महिन्याला चार हजार मिळतात. वडील लिहितात, "केबल जोडून बटण दाबायचं काम, आणि घरी येऊन सांगतो मी प्रोग्रामिंग करतो. सॉफ्टवेअर पण टेलिग्रामवरनं फुकट घेतो. शेजारचा पोरगा पुण्यात आयटीत आहे. मी पुण्यातल्या क्लासचे पन्नास हजार भरलेत, याला कॉम्प्युटरला घालायचं, एआय करू दे. लॅपटॉप आणि केबल कपाटात ठेवलंय, तीन आठवडे झाले, माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते देऊन टाका. तुम्ही त्याला चार शब्द सुनवा, बाहेरच्याचं ऐकतो."

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ते ६४ टक्के माझ्या डोळ्यात भरलेच नाहीत, मी अडकलो ते "तीन आठवडे बोलत नाही" इथं. एका छपराखाली, एका ताटलीतली भाकरी खाऊन, एकोणीस वीस वर्षांचं पोरगं बापाशी बोलत नाही आणि बाप मला सांगतोय की तुम्ही सुनवा. मी सुनावणार नाही. त्यानं चोरी केली नाही, कॉलेज बुडवलं नाही, व्यसन केलं नाही, उलट स्वतःच्या खर्चाचे चार पैसे आणतोय, आणि तुम्ही त्याच्या हातातली हत्यारं काढून घेतली. तुमच्या छाटणीच्या वेळेला कुणी तुमची कात्री लपवली असती तर तुम्ही काय केलं असतं?

कर्जाची काळजी मला कळते. दोन एकर बाग, अवकाळीचा भरवसा नाही, बेदाण्याच्या दराचा भरवसा नाही, म्हणून पोरगं पगाराला लागावं असं वाटणं चूक नाहीच. पण पत्रात तुम्ही फी सांगितली, कर्ज सांगितलं, शेजारच्या पोराचं सांगितलं, आणि स्वतःचं पोरगं दुकानात नक्की काय करतं ते "बटण दाबतो" एवढ्यावर उरकलं. एकदा तरी जाऊन बघितलंय का तिथं? मिरज काय लांब आहे?

आता त्या बटणाबद्दल, कारण तुम्ही आणि तुमचा मुलगा दोघंही इथंच गोंधळलाय. तो जे करतो ते कोडिंग नाही, त्याला कॉन्फिगरेशन म्हणतात, आणि हे त्यानंही मान्य करावं. कंपनीचं सॉफ्टवेअर असतं, सीपीएस म्हणतात त्याला, त्यात एक फाईल तयार होते, तिला कोडप्लग म्हणतात, आणि ती केबलनं सेटमध्ये राईट करायची. राईटचं बटण कुणीही दाबेल. पण तुमच्या ऑक्टोबर छाटणीत कात्री कुणीही चालवतं, मजूर मिळतात, खरं काम काडी तपासून किती डोळ्यावर छाटायची ते ठरवणं, तिथं चुकलं तर पान फुटतं, घड दिसत नाही. इथं तसंच आहे. जुन्या अ‍ॅनालॉग सेटला फ्रिक्वेन्सी टाकली, आपल्याच गटाचं ऐकू यावं म्हणून टोन टाकला, बहुतेक काम झालं. डिजिटलमध्ये डीएमआर नावाची पद्धत आहे, युरोपातल्या एत्सी संस्थेनं २००५ साली ठरवलेली, तिच्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलचे वेळेनुसार दोन भाग पाडतात, तीस-तीस मिलिसेकंदांचे, त्यामुळं एकाच रिपीटरवर (सिग्नल पकडून जोरात पुढं पाठवणारं यंत्र) दोन वेगळी बोलणी एकावेळी चालतात. साखर कारखान्यात उसाच्या यार्डातली माणसं एका भागावर, म्हणजे टाइमस्लॉटवर, गेटवरचे दुसऱ्यावर. आता यात टाइमस्लॉट चुकला, नाहीतर शून्य ते पंधरा यातला कलर कोड नावाचा ओळखक्रमांक रिपीटरशी जुळला नाही, नाहीतर टॉकग्रुप (एकत्र बोलणाऱ्यांचा गट) रिसीव्ह लिस्टमध्ये, म्हणजे सेटनं कुणाचं ऐकायचं त्या यादीत, घालायचा राहिला, तर सेट चालू दिसतो, बॅटरी फुल दिसते, आणि माणूस ओरडत बसतो, समोर कुणाला काही ऐकू येत नाही. इमर्जन्सीचं लाल बटण दाबल्यावर अलार्म कुणाच्या सेटवर वाजणार हेसुद्धा त्याच फाईलमध्ये ठरतं. आणि अ‍ॅनालॉगला रेंज संपत आली की खरखर वाढते, माणूस सावध होतो, डिजिटलला आवाज शेवटपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम तुटतो, म्हणून रेंज कुठं संपते ते सेट घेऊन पायी फिरून बघावं लागतं. हे सगळं त्याला येत असेल तर ते बटण दाबणं नाही. येत नसेल, नुसती दुकानदारानं दिलेली फाईल सेटमध्ये ओतत असेल, तर तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे.

म्हणून हे पुढचं त्याला वाचून दाखवा.

बाळा, टेलिग्रामवरचं सॉफ्टवेअर आजच काढून टाक. बऱ्याच मोठ्या कंपन्या सीपीएस त्यांच्या डीलरनाच देतात, दुकान डीलर असेल तर मालकाकडं रीतसर माग, नसेल तर त्या कंपनीचे सेट घेऊ नकोस. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधनं गिऱ्हाईकाच्या सेटमध्ये काय गेलं ते तुलाही कळणार नाही, आणि त्या फाईलमध्ये एन्क्रिप्शनच्या की, म्हणजे बोलणं गुप्त ठेवणाऱ्या किल्ल्या असतात, त्या दुसऱ्याच्या विश्वासावर तुझ्याकडं आलेल्या असतात. गिऱ्हाईकाकडं लायसन आहे का आणि त्यात कुठली फ्रिक्वेन्सी दिलीय ते कागदावर बघितल्याशिवाय ती सेटमध्ये टाकायची नाही, फ्रिक्वेन्सी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेकडनं मिळतात, मालक म्हणाला म्हणून मनानं टाकायच्या नसतात. अशा वॉकीटॉकीला विनालायसन ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची पट्टी आहे, तीही कमी पॉवरच्या सेटला. राईट करायच्या आधी रीड करून जुनी फाईल तारखेनं सेव्ह करतोस का? नसशील तर उद्यापासून कर, एकदा चुकीची फाईल वर गेली की गिऱ्हाईकाचे सगळे कॉन्टॅक्ट गेले. आणि "मी प्रोग्रामर आहे" म्हणणं बंद कर, त्यापेक्षा अँटेना, तिला जाणाऱ्या फीडर केबलमधला लॉस, एकाच अँटेनावर पाठवणं आणि घेणं जमवणारा रिपीटरचा डुप्लेक्सर हे शिक, तुझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात यातलं बरंच आहे आणि ६४ टक्के बघून वाटतं की ते तू नीट वाचलेलं नाहीस. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या लायसनची परीक्षा दे, तिच्यातल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही, त्या निमित्तानं नियम आणि थिअरी दोन्ही पक्कं होईल.

दादा, परत तुमच्याकडं. डिप्लोमानंतर मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, वालचंद आहे, कराडचं सरकारी आहे, ते तुम्हाला माहितीच आहे. पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहे, रेल्वेचं सिग्नल अँड टेलिकॉम आहे, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. मेट्रो, विमानतळ, मोठे कारखाने यांना रेडिओ सिस्टिम बसवून देणाऱ्या कंपन्या असतात, दिल्ली मेट्रोत तर डीएमआर नाही, टेट्रा नावाची वेगळी पद्धत चालते, तिथं असा हाताला काम माहीत असलेला पोरगा उपयोगी पडतो. पण मिरजेतल्या चार हजारावर तो कायम बसला तर तेही मला चालणार नाही, हे काम पायरी म्हणून चांगलं आहे, त्याच्यापुढं शिक्षण लागणारच. क्लासचे पन्नास हजार परत मिळतात का ते आधी विचारा. ज्याला रेडिओ फ्रिक्वेन्सीत रस आहे त्याला शेजारच्यासारखा व्हावा म्हणून एआयला घातलं तर चार वर्षांनी ना इकडचा ना तिकडचा, आणि कर्ज तेवढंच.

आणि हे काम फालतू वाटत असेल तर २०१९ चा पूर आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. लाईट गेली की मोबाईल टॉवर बॅटरीवर किती तास टिकणार? अशावेळी दोन सेट टॉवरशिवाय, रिपीटरशिवायसुद्धा थेट एकमेकांशी बोलू शकतात, फक्त तो डायरेक्ट चॅनेल कुणीतरी आधीच आठवणीनं भरून ठेवलेला पाहिजे.

वहिनी बरोबर म्हणतात. लॅपटॉप आणि केबल आज संध्याकाळीच द्या, देताना अट घालू नका, भाषण करू नका. येत्या रविवारी दुकान उघडं असेल तर त्याच्यासोबत मिरजेला जा, एक सेट रीड करून त्यातला एकेक कॉलम तुम्हाला समजावून सांग म्हणा, न समजलं तर परत विचारा, तो सांगेल. त्यानंतर कॉलेजचं काय ते तिघं मिळून ठरवा आणि मला कळवा, पण पुढचं पत्र त्याला लिहू द्या.